मेनिन

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतले एक शेजारी 'माझं' या शब्दावर जगत. माझा नळ, माझी सावली, आणि माझा वारा, म्हणजे त्यांच्या गॅलरीतून आमच्याकडे येणारा. मुलगी डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानला गेली, तेव्हा त्यांनी तिच्याकडून तिथल्या भाषेचं पुस्तक मागवलं आणि पहिल्याच धड्यात रमले. मेनिन म्हणजे माझं. सेनिन, म्हणजे तुझं, काही केल्या पाठ होईना.

लगेच त्यांच्या स्कूटरमागच्या भिंतीवर 'मेनिन' उमटलं. लोकांना वाटलं, महापालिकेचं काहीतरी असेल. तिथे कुणी गाडी लावेना.

"बघा," ते म्हणाले, "मराठीत लिहिलं होतं तेव्हा कुणी जुमानत नव्हतं."

सराव म्हणून फोनवर ते मुलीला एखादं वाक्य त्याच भाषेत बोलायला लावत. एका रविवारी ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. मुलीने तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं होतं, घरही पाहिलं होतं. त्या घराला ती 'बिझदिन' म्हणाली होती.

"बिझदिन म्हणजे आमचं की आपलं?"

मी पान पाहिलं. "दोन्हीला एकच शब्द दिसतोय."

"असं कसं? आमचं म्हटलं तर ती दोघंच. आपलं म्हटलं तर मी आणि हीसुद्धा आलो त्यात."

"मग तिलाच विचारा ना."

त्यांनी पुस्तक मिटलं.

"नको. ती मराठीत सांगेल."