अठ्ठेचाळिसावा चौकोन

पुरुष, वय वर्षे एकोणसत्तर. सेवानिवृत्त लिपिक, आवक-जावक विभाग. सेवाकाल छत्तीस वर्षे, पैकी एकही कागद गहाळ झाल्याची नोंद नाही. ओळखीची खूण : काहीही विचारले असता प्रथम 'हो, बघतो' असे म्हणणे. कुटुंबात पत्नी एक, विवाहित कन्या एक, जावई एक, संगणक एक (जुना).

कचेरीत त्यांना आवकराव म्हणत. खरं नाव सेवापुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं.

तीन वर्षांपूर्वी बायकोला झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. समज शाबूत होती, अक्षरं मात्र ओळखू येईनात. म्हणून मुलीने संगणकावर एक प्रोग्राम बसवून दिला. सहा रांगा, रांगेत आठ चौकोन, प्रत्येकात एक चित्र. डाव्या हाताने माउस नेऊन दाबलं की मुलीच्या आवाजात 'अहो, पाणी द्या' असं काहीतरी ऐकू यायचं. संसारातली बहुतेक संभाषणं अठ्ठेचाळीस वाक्यांत बसतात, हे आवकरावांना त्यामुळे कळलं.

मग संगणक म्हातारा झाला. चालू व्हायला इतका वेळ घेई की तेवढ्यात दाढी उरकायची. जावई रविवारी आला, त्याने आवाज ऐकला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"बाबा, विंडोज काढून लिनक्स टाकतो. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, आणि हा डबा अजून पाच वर्षं पळेल."

"अहो, पण माझी पत्रं? हिशोबाचा तक्ता?"

"त्याला पर्याय आहे. सगळ्याला पर्याय आहे, बाबा."

आवकराव म्हणाले, "हो, बघतो." जावयाने हे होकार म्हणून घेतलं.

आणि खरंच सगळ्याला पर्याय होता. पत्रं लिब्रेऑफिसमध्ये उघडली, समास थोडे सरकले इतकंच. दोन वर्षं रुसून बसलेला प्रिंटर कुणी न समजावता कागद ओकू लागला. काहीही बदलायला गेलं की यंत्र पासवर्ड विचारी. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय हलायचं नाही, हा त्याचा बाणा आवकरावांना फार आवडला. 'गुणी आहे,' ते बायकोला म्हणाले. तिला तिचा चौकोनांचा तक्ता हवा होता.

तो नव्हता. जावयाने पत्रं, फोटो, बिलं, सगळं आधी पेन ड्राइव्हवर काढून घेतलं होतं. चौकोनांचा तक्ता मात्र तो प्रोग्राम स्वतःच्याच पोटात ठेवत असे, आणि डिस्क पुसली तेव्हा पोटासकट गेला.

"मला काय माहीत तो तिथं ठेवतो ते!" जावई म्हणाला. त्याचा चेहरा पाहून आवकरावांनीच त्याला पाणी दिलं. जुना प्रोग्राम लिनक्सवर नांदवायची एक युक्ती असते; जावयाने जुनी सीडी शोधून तीही केली. प्रोग्राम उघडला. अठ्ठेचाळीस चौकोन, सगळे कोरे. प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

मग त्याने पर्याय बसवला. तीनशे चित्रं, चकचकीत रंग, तोही फुकट. बायकोने माउस सवयीच्या जागी नेला आणि दाबला.

"शाळा," यंत्र नाकात बोललं.

"कुणाची शाळा?" आवकराव म्हणाले.

"शाळा. शाळा. शाळा."

तिला पाणी हवं होतं, हे कळायला अर्धा तास गेला. ती चित्रं कधी बघतच नव्हती. आपल्या घरात दिव्याचं बटण जसं न बघता हाताला सापडतं, तसे तिच्या हाताला शब्द सापडत होते, आणि जावयाने भिंतच बदलली होती.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, चौकोन हलवता येतात. कुठं काय होतं, ते तुम्ही लिहून ठेवलंच असेल ना?"

उभ्या जन्मात आलेल्या-गेलेल्या प्रत्येक चिठोऱ्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाकडे बायकोच्या बोलण्याची कार्यालयीन प्रत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत रेघा आखल्या : स्थान, वाक्य, शेरा. मग बायकोशेजारी खुर्ची ओढून एकेक शब्द विचारू लागले. "उशी?" ती माउस नेई, ते लिहीत. "पाठ खाजवा?" लिहीत. यंत्राचा नाकातला आवाज तिला सोसेना, म्हणून त्यांनी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरली. त्यामुळे घरात आता दोघंही आवकरावांच्याच आवाजात बोलू लागली. 'अहो, पाठ खाजवा,' असा हुकूम ते स्वतःलाच देत आणि निमूटपणे उठत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ती तिरकं का होईना, हसली.

दोन आठवड्यांत सत्तेचाळीस झाले. उरला खालचा उजवा कोपरा.

जेवण झालं, त्यांनी तिचं तोंड पुसलं, की ती माउस तिथं नेई आणि दाबी. मग त्यांच्याकडे बघत राही. चौकोन कोरा. दोन वर्षं ती रोज याच वेळी तो दाबत होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मुलीचा आवाज काहीतरी म्हणायचा, आणि ते 'हो, बघतो' म्हणून ताट उचलून आत जायचे. आवाज काय म्हणायचा, ते आठवेना.

"शेवटचा चौकोन आईचा स्वतःचा होता," मुलगी म्हणाली. "मी वाक्यं म्हणत गेले, ती नाही नाही करत गेली. शंभरेक तरी झाली. शेवटी एकाला हो म्हणाली, ते भरलं."

"कुठलं एक?"

"बाबा, मी एकदाच म्हटलं ते. रोज तर तुम्हीच ऐकत होतात."

आवकराव खुर्ची ओढून बसले. "दमलात का?" नाही. "दार लावा?" नाही. "बसा जरा?" तिने मान अर्धवट हलवली आणि पुन्हा नाही. लेक, जावई, औषध, खिडकी, देणी, जुनी भांडणं, सगळं विचारून झालं. एकदा त्यांनी, मुलीने खोलीबाहेर जावं असं वाटणाऱ्या माणसाच्या आवाजात, उभ्या संसारात कधी न म्हटलेलं आणखीही एक वाक्य विचारलं. घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. त्यालाही नाही.

नवव्या दिवशी ते म्हणाले, "पंखा बंद करा?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

ही मान आवकरावांच्या ओळखीची होती. कचेरीच्या खिडकीशी चौथ्यांदा आलेला माणूस 'ठीक आहे साहेब' म्हणतो आणि निघून जातो, तेव्हाची. तरी त्यांनी वाक्य भरलं, वहीत स्थान अठ्ठेचाळीससमोर ते लिहिलं, आणि खाली सुबक अक्षरात नोंद केली : 'सर्व प्रकरणे निकाली. प्रलंबित : निरंक.'

आता जेवण झालं, तोंड पुसलं, की ती तो चौकोन दाबते. 'अहो, पंखा बंद करा,' आवकराव आवकरावांना सांगतात.

थंडीचे दिवस आहेत. पंखा दोन महिने बंदच आहे.