ऐनाची साल

हर्णैला जाऊन काय काय बघायचं, हे मला आमच्या शाळेतल्या निशिगंधा मॅडमनी अगदी घोकून घेतल्यासारखं सांगितलं होतं. दुपार कलली की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो, तो चुकवायचा नाही. होडीवाल्याशी घासाघीस करून सुवर्णदुर्गात जाऊन यायचं. दीपगृह बघायचं, बंदराजवळच्या खानावळीत तळलेली मासळी खायची आणि संध्याकाळी वाळूत नुसतं बसायचं. पोलादपुरात मी इतकी वर्षं मुलांना भूगोल शिकवत होते, पण समुद्र असा निवांत कधी बघितला नव्हता. म्हणून त्या मे महिन्यात बायजाकाकूने ‘बाई, हर्णैला येता काय माझ्यासंगती?’ असं विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तिला एसटीच्या पाट्या वाचता येत नव्हत्या आणि मला फिरायला निमित्त हवं होतं. बरोबर झाडाच्या सालीचा एक भाराही येणार आहे, हे मात्र तिने निघायच्या दिवशी सांगितलं.

बायजाकाकू कशेडीच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या चार घरांच्या वाडीत राहायची. म्हशी, थोड्या शेळ्या आणि उतारावर नाचणी-वरी. बाजाराच्या दिवशी तूप-दही घेऊन खाली उतरायची आणि बाजार उरकला की आमच्या पडवीत पाणी प्यायला टेकायची. अंगाने काटक, बोलायला फटकळ, आणि एका बाबतीत तर अगदी हटवादी. कुणाचं फुकट म्हणून काही घ्यायची नाही. मी कपभर चहा दिला की पुढच्या बाजाराला पडवीत करवंदांचा द्रोण हजर. जुनी साडी दिली तर लोण्याचा गोळा. एकदा मी वैतागून तिची करवंदं परत केली, तर पुढे कितीतरी दिवस तिने आमच्याकडे पाण्याशिवाय कशाला हात लावला नाही. अशा माणसावर माया करायची म्हणजे शिक्षाच असते.

बाजारात तिची एक मैत्रीण होती, हर्णैची बनुबाई कोळीण. पावसाळ्यात डोंगरावर काही पोचत नाही, म्हणून आमच्याकडची माणसं आधीच सुकी मासळी भरून ठेवतात. बनुबाई सुकटीच्या नि बोंबलांच्या पाट्या घेऊन घाट चढून यायची. बाकीच्यांना ती रोकड्याने विकायची. बायजाकाकूशी मात्र अदलाबदल. ही पाऊस काढायला पुरेल एवढी सुकट घ्यायची आणि बदल्यात ऐनाची साल द्यायची. शेतात राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, झाडांच्या फांद्या तोडतात, त्यातली ऐनाची साल सोलून वाळवायची. कोळी लोक ती मोठ्या हंड्यात उकळून त्या तांबड्या पाण्यात सुताची जाळी बुडवतात, म्हणजे खाऱ्या पाण्याने जाळी कुजत नाहीत. बायजाकाकूच्या सासूच्या वेळेपासून हे असंच चाललेलं. अदलाबदल झाली की दोघी चिंचेखाली बसायच्या आणि बायजाकाकूने फडक्यात बांधून आणलेली नाचणीची भाकर दह्याशी खायच्या. बोलायच्या फार कमी. मी बघायचे, मला गंमत वाटायची.

त्या वर्षी बनुबाई आलीच नाही. बायजाकाकू प्रत्येक बाजाराला चिंचेखाली जाऊन बसायची आणि भाकरीचं फडकं न सोडता परत यायची. तिने मनाशी कारणही पक्कं केलं होतं. मागच्या साली ती तापाने पडली होती, त्यामुळे हाताला लागतील तेवढ्या कोवळ्या फांद्यांची पातळ साल तिने दिली होती. त्या सालीने जाळ्यांना रंग बसला नसणार, जाळी कुजली असणार आणि बनुबाई रागावली असणार. मी म्हटलं, आजारी असेल, घरात काही कार्य असेल. तिने ऐकून घेतलं नाही. त्या हिवाळ्यात तिने जून फांद्या निवडून जाड, लालबुंद साल काढली, वाखाच्या दोरीने घट्ट बांधली आणि ठरवलं की ही साल स्वतः नेऊन द्यायची आणि मैत्रिणीचा रुसवा काढायचा.

तो भारा एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरने आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही झाडच घेऊन चाललोय. कशेडीच्या वळणावर बायजाकाकूने खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बोट दाखवलं. तिची वाडी तिने या बाजूने खालून कधी बघितली नव्हती. बराच वेळ बघून म्हणाली, घरं अगदीच बारकी दिसतात. खेडला गाडी बदलली, दापोलीला बदलली, आणि प्रत्येक ठिकाणी टपावरून भारा उतरवून घ्यायला खाली मी. आमच्या शाळेचं कुणी बघत नव्हतं हे नशीब.

हर्णैच्या स्टँडवर चौकशी केली तेव्हा एकाने सांगितलं, आता कोळणी सगळ्या लिलावाला असतील, तिकडेच बघा. म्हणून आम्ही सरळ किनाऱ्यावर गेलो. समोर सुवर्णदुर्ग, उन्हात चमकणारं पाणी, नांगरलेल्या होड्यांची रांग. माझं मन भरून आलं. बायजाकाकूने सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, हितं गुरं चरतात कुठं?

पाणी खूप आत गेलेलं होतं. ओल्या वाळूत एक रिकामी होडी कलंडून पडली होती. गर्दीत भारा घेऊन शिरता येणार नव्हतं, म्हणून बायजाकाकूने तो त्या होडीशेजारी ठेवला. मी म्हटलं, पाणी येईल का इथवर? तिने आधी समुद्राकडे बघितलं, मग आभाळाकडे. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आमची सावित्री नदी तिने आयुष्यभर बघितलेली. डोंगरात पाऊस पडल्याशिवाय पाणी चढत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ते इतक्या ठामपणे तिने सांगितलं की भरती-ओहोटीचा धडा दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवणारी मीसुद्धा मान डोलावून तिच्या मागे निघाले.

लिलाव मी जन्मात विसरणार नाही. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, भोवती माणसांचं कडं आणि मध्ये एक बाई इतक्या वेगाने भाव पुकारत होती की बायजाकाकूला वाटलं भांडण लागलंय. ती मध्ये पडायच्या बेतात होती, मी पदर धरून थांबवलं. पण तिचा जीव अडकला तो बैलांत. होड्यांतला माल आणायला बैलगाड्या पाण्यात घालतात, बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे असतात. ते बघून तिला राहवेना. एका गाडीवानाला तिने खुरं कुजतील म्हणून असं काही फैलावर घेतलं की तो बिचारा रोज गोड्या पाण्याने पाय धुतो म्हणून शपथा घ्यायला लागला. या सगळ्यात आम्ही प्रत्येक कोळणीचं तोंड निरखत होतो. बनुबाई कुठेच नव्हती.

परत आलो तेव्हा ती कलंडलेली होडी सरळ होऊन पाण्यावर डोलत होती. भाऱ्याची जागा मला ओळखूसुद्धा येईना. लांब लाटेवर तांबड्या सालीच्या पट्ट्या सुट्या होऊन तरंगताना दिसल्या, तेवढंच. बायजाकाकू लुगडं सावरून पाण्यात शिरली. गुडघाभर पाण्यात एका लाटेने तिला खाली बसवलं, आणि मी ओढत बाहेर आणलं. हातात एक पट्टी आली होती. ती धरून ती आभाळाकडे बघत राहिली. तिथून तर काहीच आलं नव्हतं. हिवाळ्यापासून जपलेली वस्तू तिने सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली होती, आपल्या अकलेने.

जवळच उंचवट्यावर एक म्हातारा जाळं सांधत बसला होता, मुरारी नावाचा. त्याने आम्हाला बोलावून पाणी दिलं आणि काय वाहून गेलं म्हणून विचारलं. ऐनाची साल म्हटल्यावर तो हसायलाच लागला. लहानपणी आपण ती उकळताना बघितलीय, म्हणाला, पण आता कोण वापरतो? त्याच्या मांडीवरचं जाळं हिरव्या नायलॉनचं होतं. मी मान वर करून बघितलं तर किनाऱ्यावर पसरलेलं प्रत्येक जाळं हिरवं नाहीतर निळं. तांबडं एकही नव्हतं.

“हर्णैची बनू नेते की दर साली माझ्याकडनं,” बायजाकाकू म्हणाली.

मुरारीने सुई थांबवली. बनुबाईच्या घरातली जाळी तर आपल्याही आधी नायलॉनची झाली, तिचा पोरगा तेव्हा शाळेत होता, एवढं तो सरळपणे सांगून गेला. बनुबाई खडकावरून घसरून पडली, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून घरातच असते, हेही त्यानेच सांगितलं. मागे वळलं की देवळाच्या पलीकडचं घर.

राग नव्हता, पातळ सालीचं काही नव्हतं. मला तर हायसं वाटलं. पण बायजाकाकूचा चेहरा उतरला. ती वाळूत बसली आणि म्हणाली, परतीची गाडी बघा बाई. का, म्हणून मी विचारलं.

“म्हंजे इतकी वर्सं ती मला भीक घालीत होती नि मी पदर पसरीत होते.”

आता मात्र मी चिडले. किल्ला राहिला, दीपगृह राहिलं, साडी ओली झाली, आणि ही म्हणे गाडी बघा. मी तिला स्पष्ट सांगितलं की तिकडे ती बाई हाड मोडून पडलीय, तुला जायचं नसेल तर इथेच बस, मी एकटी जाऊन तिला बघून येते. आणि चालायला लागले. थोड्या वेळाने मागे वाळूत पावलं वाजली. मी वळून बघितलं नाही.

बनुबाई ओटीवर बाजेवर पडली होती. निम्मी राहिली होती. बायजाकाकूला बघून तिने उठायचा प्रयत्न केला, उठता येईना, तेव्हा नुसती रडायला लागली. बायजाकाकू उंबऱ्यापाशीच उभी. सुनेने पाणी आणलं, आणि ओळख सांगितल्यावर हसून म्हणाली, म्हणजे त्या सालीवाल्या तुम्हीच होय. मग आम्हाला तिने मागच्या दारी नेऊन दाखवलं. पत्र्याखाली, भिंतीला लावून, भाऱ्यावर भारा रचलेला. वरती कोंबड्या बसलेल्या. विंचू होतात यात, सून कुरकुरत होती, पण चुलीत घालायला काढली की सासूबाई घर डोक्यावर घेतात. बायजाकाकूने एका भाऱ्याची दोरी चाचपली. तिनेच मारलेल्या गाठी होत्या, एकही सोडलेली नव्हती.

ती ओटीवर परत आली आणि बाजेच्या कडेवर बसली.

“इतकी ओझी घाटातनं आणलीस गो. सांगायचं व्हतंस ना मला, नको म्हणून.”

“सांगितलं असतं तर तू सुकट घेतली असतीस काय?”

पण हार मानेल तर बायजाकाकू कसली. तिने पुन्हा तोच हेका धरला, की फुकटचं खाल्लं, माझ्यावर राहिलं. तेव्हा बनुबाईने डोळे पुसले आणि जरा रागानेच विचारलं की चिंचेखाली दर बाजाराला तुझी भाकर नि दही मी खाल्लं, त्याचं तुला काय दिलं?

“ते काय देणं असतं काय गो?” बायजाकाकू म्हणाली.

“मंग सुकट तरी काय देणं असतं?”

बायजाकाकूने बनुबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि हातातली ती ओली सालीची पट्टी बाजेखाली ठेवून दिली. आम्ही रात्री तिथेच राहिलो. सुनेने बांगड्याचं कालवण केलं होतं, तसं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. सकाळी निघताना सुनेने सुकटीची पिशवी पुढे केली. बायजाकाकूने दोन्ही हात पुढे केले आणि पिशवी घेतली. तिच्याजवळ बदल्यात द्यायला काही नव्हतं आणि तिने तसं बोलूनही दाखवलं नाही. गाडीत पिशवी मांडीवर धरून ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा आमच्या पडवीत उभी राहिली, हर्णैला चला म्हणत. मी आधी दाराबाहेर डोकावून भारा शोधला. नव्हता. साल कुठाय, म्हणून विचारलं तर तिनेच मला वेड्यात काढलं. जाळी नायलॉनची हायत ना बाई, ती घेऊन बनू काय करणार?

तिच्या एका हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या आणि दुसऱ्या हातात दह्याची किटली. कशेडीपासून दापोलीपर्यंत तिने ती मांडीवर सांभाळली. हर्णैला उतरल्यावर मी किल्ल्याकडे बोट दाखवून म्हटलं, जरा बघत बसू, किटली ठेव की वाळूत, हात दुखला असेल. समुद्र कुठल्या कुठे आत गेला होता आणि आभाळ स्वच्छ होतं. बायजाकाकूने दोन्हींकडे एकदा बघितलं आणि किटली या हातातून त्या हातात घेऊन देवळाच्या वाटेला लागली.