मॉडेलला लावलेली तीट

लेकीचं मॉडेल मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि बसल्या बसल्या ड्रायव्हरच्या मागे लागले, "भाऊ, जरा खड्डे बघून." शेवटी तो वैतागला. "मावशी, खड्डेच बघतोय, रस्ता कुठं दिसतोय?" एरवी मी त्याला असा सोडला नसता. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष मांडीवर होतं. लेक शेजारी बसून बाहेर बघत होती. गेला महिनाभर ती अशीच बघायची, भिंतीकडे नाहीतर बाहेर.

मांडीवर होतं ते आमचं जुनं घर. सुकापूरचं, कौलारू, पुढे पडवी, मागे चूल. ते पाडून तिथे बिल्डिंग झाली आणि त्याच बिल्डिंगमधल्या फ्लॅटात आता आम्ही राहतो. लेक आर्किटेक्चर शिकते. तिनं ते घर पांढऱ्या पुठ्ठ्यात उभं केलं होतं, कौल न् कौल वेगळं कापून. मी तर बघतच राहिले होते. पण कॉलेजात बाहेरून मोठे आर्किटेक्ट काम तपासायला आले, ज्युरी म्हणतात त्याला, आणि त्यातले एकजण म्हणाले, "सुबक आहे. पण ह्या घरात कुणी राहतंय असं वाटत नाही." झालं! पोरगी घरी आली ती तोंड शिवूनच. ताटात भात चिवडायची आणि उठायची.

मग एक दिवस तिनंच जाहीर केलं. नवीन पनवेलला आर्किटेक्चरच्या पुस्तकांचं आणि भेटवस्तूंचं एक दुकान आहे. दर्शनी काचेत एका वेळी एकाच विद्यार्थ्याचं मॉडेल ठेवतात, आणि ते दुकानाच्या बाई स्वतः निवडतात. "त्यांनी ठेवलं तर पुढे शिकेन. नाही तर बस्स. काकाच्या साइट ऑफिसला बसते."

काका म्हणजे माझे दीर. जमिनी गेल्या, पैसे आले, आता बिल्डर आहेत. ते टपूनच बसलेले. "पोरीला खुर्ची देतो, पंखा देतो, आजून काय पायजे?" मनानं वाईट नाहीत हो. पण त्या खुर्चीत माझी लेक बसली की पुन्हा उठायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी स्वतः अशाच एका खुर्चीत वीस वर्षं काढली आहेत, पतपेढीत.

आता इतकं सगळं एका पुठ्ठ्याच्या घरावर अवलंबून, तर आईनं हातावर हात धरून बसायचं? सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी काजळाची डबी काढली. घरी तुपात केलेलं काजळ, तिच्या बारशापासून मी तेच करते. तान्ह्या बाळाला घराबाहेर नेताना तीट लावतोच ना? दिरांच्या एकाही साइटवर काळी बाहुली टांगल्याशिवाय स्लॅब पडत नाही. मग हे तर पनवेलभर मिरवायला निघालेलं घर! मागच्या भिंतीला, वळचणीच्या खाली, तिळाएवढा ठिपका लावला. कुणाला दिसणारही नाही असा.

दुकानात शिरल्यावर एकदम गार. कोऱ्या कागदाचा वास, आणि सगळे असे हळू बोलत होते की जणू आत कुणी आजारी आहे. भिंतभर जाडजूड पुस्तकं. भेटवस्तूंच्या फळीवर खिडकीच्या आकाराची कानातली, घरांचे नकाशे छापलेले कप, आणि एका खोक्यात, रिबीन बांधून, चक्क एक वीट. पॉलिश केलेली. अगं बाई, वीट! आमच्याकडे ती ट्रकनं येते आणि पायावर पडली तर शिवी खाते. एरवी मी लेकीला कोपरानं ढोसलं असतं. पण तिचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

बाई गल्ल्यामागे उभ्या होत्या. पांढरा कुर्ता, पांढरे केस, पांढरी चप्पल. "टेबलावर ठेवा, मी आलेच," म्हणाल्या. टेबलही पांढरं. लेक एक पुस्तक चाळायला गेली. वाचत नव्हती, पानं नुसती उलटत होती. मी सहज म्हणून घराच्या मागच्या बाजूला वाकून पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

मे महिन्याचं ऊन, रिक्षातली धग. तूप वितळलं होतं. तिळाचा चिंचोका झाला होता आणि भोवती तेलकट कडं पसरत चाललं होतं.

शहाण्या बाईनं तिथंच हात आवरला असता. मी पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि पुसलं. आणखी पसरलं. परत पुसलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! आता अर्धी भिंत काळी आणि माझा पदरही काळा. देवा, ह्या पोरीचं नशीब मीच पुसून टाकलं, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

"आई, काय करतेस?"

लेक मागेच उभी. आणि तिच्या मागे बाई.

घाबरले की माझी भाषा थेट गावची होते. "मीच लावला गो. नजर लागू नाय म्हणून. माझा मेलीचा हात..." पुढे बोलवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, त्या गारव्यात, त्या कपांसमोर, लाज वाटली पण थांबेना.

लेक माझ्या काळ्या पदराकडे बघत राहिली. ते ओरडण्यापेक्षा वाईट.

बाईंनी चष्मा लावला, टेबलाभोवती एक फेरी मारली. "काम फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "ही एक भिंत बदलून आण. संध्याकाळपर्यंत आणलीस तर उद्यापासून काचेत ठेवते."

माझा जीव भांड्यात पडला. एक भिंत! तासाभराचं काम! मी घाईघाईनं पिशवी उचलली सुद्धा. पण लेक जागची हलली नाही. वाकून त्या डागाकडे बघत राहिली, अगदी नाक लावून.

"नाही बदलणार," ती म्हणाली.

"अगं!" मी तिचा दंड धरला. "वेडबिड लागलं का तुला?"

"आई, इथे चूल होती ना? ही भिंत काळीच होती. मीच पांढरी केली. सगळ्यांची मॉडेलं पांढरी असतात म्हणून."

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या काचेत डाग चालत नाही, बाळा."

"मग राहू दे, मॅडम. थँक्यू." आणि तिनं घर उचललं आणि चालायला लागली.

परतीच्या रिक्षात मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. सगळं संपलं, हेच वाटत होतं. तिचा शब्द होता ना, ठेवलं तर शिकेन. दिरांना काय सांगायचं, कुठल्या तोंडानं सांगायचं, आणि आमच्या ह्यांना? मनातल्या मनात मी त्या काजळाच्या डबीला शिव्या घालत होते.

दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली, "भात आहे का गं? भूक लागलीय."

मी पटकन पान घेतलं. वाढला. आमटी ओतून तिनं ताट चाटूनपुसून साफ केलं. मग हात धुवून मॉडेल टेबलावर ठेवलं, एक टूथपिक घेतली आणि म्हणाली, "काकाला सांग, खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. आणि काजळाची डबी आण. अजून कुठं कुठं काळं होतं, सांग."

डबी आणून मी टेबलावर ठेवली. पुढची ज्युरी तिला काय म्हणणार होती, कुणास ठाऊक. ती धास्ती आजही गेलेली नाही. पण मी बसले तिच्याशेजारी. पडवीच्या खांबाला सासरे टेकून बसायचे, त्यांच्या डोक्याचं तेल लागून खांब काळा झाला होता, तो दाखवला. देवळीत दिवा ठेवायचो, तिथली काजळी दाखवली. ती टूथपिक बुडवून एकेक डाग लावत गेली.

"आणि इथे, दाराशेजारच्या भिंतीला," मी म्हणाले, "तुझ्या हातांचे डाग होते. भिंत धरून तू उभी राहायला शिकलीस ना, ते."

तिनं टूथपिक टेकवली. "इथे?"

"अजून खाली," मी म्हणाले. "एवढीशी तर होतीस."