वाटीवरचं नाव

आमच्या किराणा दुकानदाराला आई भाऊ म्हणायची. नुसतं तोंडदेखलं नाही, भाऊबीजेला ओवाळायची. तो लबाड माणूस पाटावर बसून डोक्यावर रुमाल टाकायचा आणि ओवाळणीत स्टीलची वाटी घालायचा. आता त्यात त्याचं कसलं आलंय प्रेम? दर दिवाळीला कायमच्या गिऱ्हाइकाला एक वाटी, अशी त्याच्या दुकानाची रीतच होती. पण वर मशीनने नाव घातलेलं असायचं. आईचं नाव, आणि पुढे 'ताईस सप्रेम भेट'. आमच्या घरात हंड्यापासून पळीपर्यंत सगळ्या भांड्यांवर आत्याचं नाव. आईचं नाव असलेली भांडी म्हणजे तेवढ्या वाट्या. ती त्या राखेने घासायची आणि पाहुण्यांपुढे मुद्दाम नाव दिसेल अशा मांडायची.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भिवंडीतल्या आमच्या गल्लीत दिवसरात्र लूमचा खडखडाट. दुकानात सदा गर्दी, पण आईला कधी थांबावं लागायचं नाही. तिचं महिन्याचं सामान तो आधीच पुडे बांधून तयार ठेवायचा. "ताई, घरची माणसं तुम्ही. तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू?" मग बरणीत हात घालून मूठभर शेंगदाणे काढायचा आणि आमच्या डोळ्यांदेखत वरून टाकायचा. घर येईपर्यंत आई त्या मुठीचं कौतुक करायची. मीही करायचे, कारण निम्मे शेंगदाणे वाटेत माझ्याच पोटात जायचे.

घरी मात्र महिना संपायच्या आत डबे तळाला लागायचे. घर चालवायची आत्या, बाबांची विधवा थोरली बहीण. ती डब्यात हात घालून खडखड वाजवायची आणि म्हणायची, "जातं कुठं एवढं सगळं? वडप्याला?"

वडपे म्हणजे आईचं माहेर. तिकडे शेती होती ती पोटापुरतीही नव्हती, म्हणून आत्याचा संशय बरोबर तिकडेच जायचा. भावजय चोरून माहेरी डाळ-साखर पोचवते! बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "मला ड्युटीवरून आल्यावर डोक्याला ताप नको." झालं. म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते माझी.

वडप्याच्या आजोबांनी अंथरूण धरलं तेव्हा आई त्यांना बघायला निघाली, तर आत्या दारात उभी. आईने कुणी न सांगताच पिशवी उघडून दाखवली. आत एक लुगडं आणि माझा फ्रॉक. त्यानंतर दर खेपेला तसंच. शेवटी आईने जाणंच सोडलं. तिकडून निरोप यायचे, म्हातारा आठवण काढतो म्हणून, आणि ती चुलीपाशी बसून मुकाट्याने रडायची.

हे सगळं तिने कुणाला सांगितलं? त्या भाऊला. मी तिच्या पदराला धरून उभी होते. "भाऊ, घरात मला चोर म्हनतात वो." तो म्हणाला, "च्च च्च. ताई, देव बघतोय सगळं." आणि त्या दिवशी त्याने दोन मुठी टाकल्या.

शेजारी एक चाची राहायची. तिचा नवरा लूमवरचा सुताचा कचरा विकत घ्यायचा, म्हणून त्यांच्या पडवीत मोठा तराजू टांगलेला असे. एकदा ईदच्या तोंडावर तिला शीरखुर्म्याला साखर कमी पडली. आईने नुकताच आणलेला किलोचा पुडा तसाच दिला. उसनं परत करायचं तर मापात, म्हणून चाचीने तो आधी तराजूत टाकला. पारडं वरच राहिलं.

"भाभी, इधर आना ज़रा. ये किलो है?"

आईने घरातून डाळीचा पुडा आणला. रव्याचा आणला. पोह्यांचा आणला. एकही पारडं खाली येईना. चाचीने त्याच दुकानातली स्वतःची डाळ टाकली, तर दांडी अगदी सरळ.

"मैं सामने खड़ी होके तुलवाती हूँ, और घर आके फिर तौलती हूँ. उसको मालूम है," चाची म्हणाली. "तुम तो उसको भाई बोलती हो."

आईने सगळे पुडे गोळा केले. मग घरात आली, सगळ्या वाट्या पिशवीत भरल्या आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, चला माझ्यासंगट." तिचा आवाज असा होता की आत्या चप्पल घालून निघालीच.

दुकानात आईने पुडे त्याच्यापुढे ठेवले. "भाऊ, ह्यातला एकबी पुडा वजनाला पुरा न्हाय. घरी मला चोर म्हनतात, ह्ये तुमाला ठाव व्हतं ना?"

"ताई, हळू बोला. गिऱ्हाइकं आहेत."

"ठाव व्हतं का न्हाय?"

तो चिडला. "अहो, दर वेळी वर मूठ घालतो. दर दिवाळीला वाटी देतो. वाट्या काय झाडाला लागतात?"

म्हणजे आमचीच डाळ मारून आम्हालाच सप्रेम भेट! आत्याने एक पुडा उचलून हातात तोलून पाहिला. आईने वाट्या एकेक करून त्याच्यासमोर मांडल्या. "ह्या ठेवा तुमच्या. फकस्त माझं नाव पुसून द्या."

"नाव कसं पुसणार ताई? खोदलेलं असतं ते."

"ऐकलंत वन्सं?" आई आत्याकडे वळली. "घातलेलं नाव पुसत न्हाय."

परतताना आत्याने पिशवी स्वतःच्या हातात घेतली. चुकले, एवढा एक शब्द तिच्या तोंडून आईला कधीच ऐकायला मिळाला नाही, आणि बाबांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आजोबांना बघायला वडप्याला निघाली. आत्या दारात बसून तांदूळ निवडत होती. उंबऱ्यापाशी आई थांबली आणि सवयीने पिशवी उघडून तिच्यापुढे धरली.