गुरूच्या तोंडावरचे पट्टे

चांद्याच्या परकोटाच्या आत एकही कुरूप माणूस राहत नव्हता, आणि याचं सगळं श्रेय आमच्या मावसाजींना, म्हणजे मावशीच्या यजमानांना होतं. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. देवीचे वण, चामखीळ, सुरकुत्या, काय वाटेल ते घेऊन या. निगेटिव्हवर त्यांची पेन्सिल फिरली की पन्नाशीचा विधुरही पुन्हा बोहल्यावर चढण्याजोगा दिसे. फोटो पसंत करून आलेली वरमंडळी चहा घेऊन आलेल्या मुलीलाच विचारत, "फोटोतली पोरगी कुठी हाये?"

एकच चेहरा त्यांच्या हातून निसटला, तो मावशीचा. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्याच फोटोत मावसाजींनी मोठ्या प्रेमानं सगळे वण पुसले. तो पाहून ती म्हणाली, "ही कोण बाई हाये जी? मले तं ओळखू येत नाई." त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर बसलीच नाही. मावसाजी दर दिवाळीला विनवत आणि ती पदर खोचून चुलीकडे जाई.

मग मावसाजींच्या डोक्यात ग्रह शिरले. घरीच आरसा घासून त्यांनी दुर्बीण केली. आलापल्लीच्या सागवानाची तिची नळी एवढी थोरली, की ती परकोटावर चढवताना चांगले धट्टेकट्टे लोक घामाघूम झाले. माणूस कामातून गेला, असं गावानं ठरवून टाकलं. मावसाजींनी उलट दुकानाच्या दर्शनी चौकटीतला नवरीचा फोटो उतरवला आणि जाहीर केलं, "इथी आता गुरू बसन." लोक रोज ती रिकामी चौकट बघायला येऊ लागले.

दिवेलागणीला दोघं परकोटावर जात. गुरू नळीतून सटकू नये म्हणून मावशी दुर्बीण वळवायचं चाक फिरवी, आणि मावसाजी सवयीनं ग्रहालाच सांगत, "हनुवटी जराशी वर. हलू नका." गुरू ऐकत नसे. फोटोच्या काचेच्या प्लेटांमागून प्लेटा वाया गेल्या. अखेर एक साधली आणि चौकटीत गुरू झळकला: गोरापान, गुळगुळीत, पेढ्यासारखा.

मावशीनं बराच वेळ पाहिलं. "याच्या तोंडावर पट्टे होते ना जी? मी पाह्यले ना दुर्बिणीतून."

मावसाजींनी जीभ चावली. हात आपोआप फिरला होता. गुरूच्याही सुरकुत्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. गाव आठवडाभर हसलं. त्यांनी फोटो उतरवला, पेन्सिल मावशीच्या हवाली केली आणि पुन्हा परकोट गाठला.

दुसरा गुरू पट्ट्यांसकट आला. काय तो थाट! बल्लारपूरहून माणसं रेल्वेनं आली, हसणारे रांगेत उभे राहिले, आणि मावसाजी वरबापासारखे दारात. आजही सांगताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

गर्दी ओसरली तशी मावशी तोंड धुऊन आली आणि आपण होऊन खुर्चीत बसली. "पेन्सिल माह्यापाशीच राहीन," म्हणाली. मावसाजी काळ्या कापडाखाली शिरले. हनुवटी वर नाही, हलू नका नाही, काहीच बोलले नाहीत.

दोघंही आता नाहीत. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मावशीचे वण आहेत, आणि फोटो किंचित हललेला आहे. मावशी मात्र हलली नव्हती, मी तिथंच होतो.