गच्चीवरचं भरीत

ज्यांचे माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत, त्यांना आमचं अख्खं पोलीस ठाणं ‘नाना’ म्हणायचं. ते हवालदार होते आणि मी त्यांचा साहेब. कागदावर एवढंच नातं. पण तपास म्हणून मला जे काही येतं, त्यातलं निम्मं प्रशिक्षण केंद्राने शिकवलं आणि उरलेलं नानांनी. आजही कुठे वांगी भाजल्याचा वास आला की त्यांच्याबरोबर केलेला एक तपास जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो. म्हणून तोच सांगतो.

मी धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातला. माझ्याआधी घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची आणि त्यावर मी पदवीधर झालो. सहायक निरीक्षक झाल्यावर रावेरकडच्या एका ठाण्याचा स्वतंत्र कारभार पहिल्यांदा हातात आला. नानांच्या निवृत्तीला तेव्हा काही महिने उरले होते. तेही मूळचे धुळ्याकडचे. चारचौघांत ते मला साहेब म्हणत, एकटे असलो की भाऊ, आणि मग आमची अहिराणी सुरू व्हायची.

जानेवारीत जवळच्या गावी एका मोठ्या केळी बागायतदाराकडे मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी नवरीच्या दागिन्यांचा स्टीलचा डबा नाहीसा झाला. घर नवं, दुमजली. घरचा सगळा कारभार बागायतदाराच्या विधवा बहिणीच्या हाती होता. तिला सगळे आत्याबाई म्हणत. आत्याबाईंनी जबाब दिला, “डबा मी कपाटात ठेवला होता. हळदीच्या गडबडीत कपाट उघडं राहिलं.”

मी घटनास्थळाचा पंचनामा केला. कपाट, माडी, स्वयंपाकघर, सगळं बघून लिहिलं. मागच्या एका खोलीबद्दल एकच ओळ लिहिली, ‘सदर खोली कापसाने भरलेली आहे.’ भाव वाढायची वाट बघत आमच्याकडे घराघरात कापूस असाच भरून ठेवतात. त्यात पाहण्यासारखं काय, असं वाटून मी दार लोटून पुढे गेलो.

संशय एकाच माणसावर गेला. हळदीच्या जेवणाला भरीत करायला आलेला आचारी त्याच संध्याकाळी, हात धुऊन, कोणाला न सांगता निघून गेला होता. पंचक्रोशीत त्याच्या हाताच्या भरिताला तोड नव्हती. त्याच्या बायकोने सांगितलं, “ते सुरतले गेले, तिथल्या खानावळीत काम मिळालं.” आम्ही सुरतेला पथक पाठवलं. तिथे त्या नावाचा माणूस कुठेच आला नव्हता. फोन बंद. बायको खोटं बोलते म्हणजे नवरा चोर, असं माझ्यासकट सगळ्यांनी धरलं.

त्याची मुलगी दहावीत होती. तिच्या वर्गातल्या पोरींनी तिच्या शेजारी बसायचं सोडलं. त्याची आई देवळाच्या पायरीवरूनच हात जोडून परत फिरायला लागली. जो माणूस लग्नघरात परक्याच्या चुलीपाशी उभा राहून पोट भरतो, त्याच्यावर चोरीचा डाग लागला तर पुन्हा कोणी त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही. डबा सापडो न सापडो, त्या घराचं सगळं पणाला लागलं होतं.

नाना मला एकटे गाठून म्हणाले, “भाऊ, हाई काम चोरनं नही शे. चोर बडगी संगे घेऊन पळतो का?”

बडगी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं. मी म्हटलं, “म्हणजे?”

“त्याच्या घरी गेलो होतो. बडगी घरी नाही. तो स्वतःची बडगी घेऊन गेलाय. सोनं घेऊन पळणारा माणूस पाच-सहा किलोचं लाकूड खांद्यावर घेत नाही. तो कुठेतरी भरीत करायला गेलाय.”

मी ऐकून घेतलं, पण डायरीत काही लिहिलं नाही.

मार्चमध्ये खबर मिळाली, तीही चहाच्या टपरीवर. नशिराबादकडचे एक शिक्षक मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आले होते आणि पणजीतल्या गच्चीवरच्या बारचं वर्णन करत होते. लिफ्टने वर जायचं, समोर मांडवी, नदीत उभ्या बोटींचे दिवे, आणि ताटलीत चक्क आपलं भरीत! नाना बाकावर त्यांच्याजवळ सरकले. गणवेश बघून गुरुजींचा चेहरा उतरला.

“सर, तुम्ही काय प्यायलात ते मी विचारत नाही,” नाना म्हणाले. “काय खाल्लं तेवढं सांगा. भरीत गॅसवरचं होतं का काड्यांवरचं?”

“काड्यांवरचं,” गुरुजी लगेच बोलले. “कपाशीच्या काड्यांचा वास लपतो का, हवालदारसाहेब?”

“कोणती गच्ची?”

“ते नाही आठवत. चार गच्च्या केल्या आम्ही.” मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “हे आमच्या मुख्याध्यापकांपर्यंत जाणार नाही ना?”

परतताना नाना एवढंच म्हणाले, “भाऊ, गोव्यात कपाशी होते का?”

होत नाही. म्हणजे काड्या इकडूनच जात होत्या. रावेरला केळी भरायच्या ठिकाणी गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांची चौकशी केली, तेव्हा तिसऱ्याच चालकाच्या ताडपत्रीखाली काड्यांचा भारा निघाला. मी त्याला ठाण्यात आणून खुर्चीसमोर उभं केलं आणि आवाज चढवला. तो भोळा चेहरा करून म्हणाला, “साहेब, काड्या नेणं गुन्हा हाय का? मंग आमच्या गावातल्या बठ्ठ्या बायाले पकडा.”

बाहेरचे शिपाई हसले. नानांनी त्याला स्टूल दिलं, चहा दिला आणि विचारलं, “तुझ्या गाडीत बसून तो गेला, त्या दिवशी तो घाबरलेला होता का रे?”

चालकाने चहाचा घोट घेतला. “घाबरेल कशाले? गाणं म्हणत होता. माही गाडी तवाच निघत होती, म्हनून त्याले घाई झाली. आता मात्र घाबरतो. मार्केटात भारा उतरवला की मोटरसायकलवाला येऊन घेऊन जातो. तो सोता येत नाही.”

वरिष्ठांची परवानगी घेऊन आम्ही दोघं साध्या कपड्यांत पणजीला गेलो. भुसावळला गाडीत बसल्यापासून माझी बॅग नानांनीच धरली होती. मी एकदा मागितली, तर म्हणाले, “साहेबाच्या हातात बॅग बरी दिसत नाही.” मी पुन्हा मागितली नाही. पणजीत आधी स्थानिक ठाण्यात जाऊन आमच्या येण्याची नोंद केली.

दोन संध्याकाळी आम्ही गच्च्या चढलो. त्या जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. वेताच्या खुर्च्या, कुंड्यांतली झाडं, खाली लाल कौलांची घरं, आणि नदी जिथे समुद्राला मिळते तिथे बुडणारा सूर्य. प्रत्येक ठिकाणी आम्ही लिंबूसोडा मागवायचो. वेटर विचारायचा, “अजून काही?” नाना म्हणायचे, “भरीत आहे का?” आणि वेटर गोंधळून मेन्यू उलटापालटा करायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिरामारच्या किनाऱ्यावर गेलो. साठीला टेकलेल्या नानांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उभे राहिले. मग ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं. “खारंच शे. मला वाटलं, लोक वाढवून सांगतात.” तिथून करंझाळेच्या वाळूवरून दोना पावलाच्या बाजूला चालताना त्यांच्या लक्षात आलं, की वारा समुद्राकडून गावात जातो. “संध्याकाळी गच्च्या चढायच्याच नाहीत. वाऱ्याच्या खालच्या बाजूला गल्लीत उभं राहायचं. काडी पेटली की कळेल.”

आणि तसंच झालं. सूर्य कलला, गल्लीत कपाशीच्या काड्यांचा तो ओळखीचा, जरा गोडसर धूर आला. नानांनी मान वर करून बोट दाखवलं. पाचवा मजला.

मालकीण पन्नाशीची होती. मी ओळखपत्र दाखवलं तेव्हा ती घाबरली नाही. “तो चोर न्हय,” ती शांतपणे म्हणाली. “हवं तर त्याची पेटी उघडून बघा.” गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाला तो वांगी भाजत होता. समोर बडगी. आम्हाला बघून त्याच्या हातातला चिमटा पडला.

मी पुढे झालो. नानांनी माझ्या कोपराला हळूच हात लावला आणि त्याला म्हणाले, “आधी आगीवरचं वांगं काढून सोल बापा, जळून जाईल. सोलता सोलता बोल.”

नंतर मला त्यांनी सांगितलं होतं, की हात त्याच्या नेहमीच्या कामात असला की माणसाला खोटं रचायला सवड मिळत नाही. मी पुढे कित्येक चौकशांत हे वापरलं.

आचारी वांगी सोलत बोलत गेला. मालकिणीच्या ओळखीच्या कोणीतरी त्याचं भरीत एका लग्नात खाल्लं होतं. त्यावरून हे काम आलं. पण आई माळकरी. पोरगा दारूच्या गुत्त्यात रांधतो हे कळलं तर ती त्याच्या हातचं पाणी घेणार नाही. म्हणून त्याने घरी सुरत सांगितलं. आठवड्याने गावाकडून फोन आला, की तुझ्या नावावर गुन्हा आहे. “मंग मी फोन बंद केला, साहेब. खोटं एकच बोललो होतो, पन ते नेमकं त्याच दिवशी बोललो.”

“त्या दिवशी घरात वेगळं काही पाहिलंस?” मी विचारलं.

“नाही, साहेब.” त्याने ठेचायला घेतलं. दोन ठोके झाले आणि तो थांबला. “आत्याबाईची थट्टा केली होती, तेवढंच. मी मीठ मागाले गेलो, तर त्या मागच्या खोलीतून निघाल्या. डोक्यात, पदराले, सगळीकडे कापूस. म्या म्हनलं, आत्याबाई, हळदीच्या दिवशी वेचनीले गेल्या होत्या का? एरवी त्या टोला देतात. त्या दिवशी काही बोलल्याच नाहीत.”

मी नानांकडे बघितलं. नाना बडगीकडे बघत होते. ‘सदर खोली कापसाने भरलेली आहे.’ माझंच वाक्य माझ्या कानात वाजलं.

तेवढ्यात वेटरने ताटली उचलली आणि त्यात भरिताशेजारी पाव ठेवला. नाना एकदम कडाडले, “भरिताबरोबर पाव? साहेब, याला याच गुन्ह्यात आत घ्या!” आचारी पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता रडायला लागला.

त्याला अटक केली नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिली आणि तो आपल्या पायांनी आमच्याबरोबर आला. भाव न वाढल्यामुळे बागायतदाराचा कापूस अजून खोलीतच होता. पंचांसमोर टोपल्यांनी तो अंगणात काढायला लावला. दोन तासांनी भिंतीच्या कडेला, थेट फरशीवर, फडक्यात बांधलेला डबा निघाला. आतला प्रत्येक दागिना यादीप्रमाणे होता.

आत्याबाई दारातच खाली बसल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं म्हणून डबा त्यांनीच हळदीच्या आदल्या दिवशी कापसात खुपसला होता. आमच्याकडे बायका असं करतात, कापसाच्या ढिगाएवढी सुरक्षित तिजोरी नाही. पण त्याच कापसावर पाहुणे झोपले, पोरं नाचली आणि जड डबा मोकळ्या कापसातून तळाला गेला. त्यांनी हात घालून शोधलं, मिळाला नाही. खरोखरच चोरी झाली असं त्यांना वाटलं. भावाच्या आश्रयाने राहणारी बाई ‘मी कापसात ठेवला होता’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? ‘कपाटात’ म्हणाल्या. त्या एका शब्दाखाली एक घर गाडलं गेलं.

बागायतदाराने आचाऱ्यापुढे हात जोडले. नाना म्हणाले, “दादा, इथे अंगणात नको. आरोप गावासमोर झालाय.” दोन दिवसांनी बागायतदाराच्या मळ्यात भरिताचं जेवण झालं. हंगाम संपत आला होता, वांगी मिळतील तशी आणली. सगळं गाव पंगतीला बसलं आणि आचाऱ्याने स्वतःच्या हाताने वाढलं. पहिलं पान त्याच्या मुलीचं मांडलं होतं, तिच्या शेजारी वर्गातल्या पोरी. आत्याबाई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी थापत होत्या. आचारी त्यांच्यापाशी जाऊन म्हणाला, “आत्याबाई, मीठ द्या.” या वेळी त्यांनी टोला दिला, “आधीच घालाले काय झालं होतं?”

त्याच्या आईला पणजीचं खरं कळलं. ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, “तिथं वांगी बरी मिळतात का रे?”

गुन्ह्याचा ‘क’ समरी अहवाल पाठवला, म्हणजे तक्रार गैरसमजातून झाली होती. वरिष्ठांनी मला प्रशंसापत्र दिलं. या तपासाने मला शिकवलं, की पळालेला प्रत्येक माणूस गुन्ह्यापासूनच पळतो असं नाही. कधी तो आईच्या नजरेपासून पळतो. आणि पंचनाम्यात जी खोली आपण एका ओळीत उरकतो, तिथे परत जावं. आणखी एक गोष्ट शिकलो, ती कबूल करायला मला निवृत्त व्हावं लागलं. निवृत्तीनंतर नानांना पाठवलेलं पत्र इथे देतो.

“ती. नानांस साष्टांग नमस्कार.

ते प्रशंसापत्र अजून माझ्या भिंतीवर आहे. त्यावर फक्त माझं नाव आहे. बडगी तुम्ही ओळखली, काड्या तुम्ही ओळखल्या, वारा तुम्ही ओळखला. कापसाची खोली न बघता सोडली ती मी, कापूस वेचणाऱ्या बाईचा मुलगा असून. हे तुम्हाला त्या गच्चीवरच कळलं होतं आणि तुम्ही एका शब्दाने कोणाला सांगितलं नाही. मीही अहवालात तुमचं नाव घातलं नाही. तेव्हा वाटलं, हवालदाराचं काम ते साहेबाचंच काम. चूक होती. माफी मागतो.

गेल्या महिन्यात मी पणजीला जाऊन आलो. तीच गच्ची आहे. आचारी पिकला आहे, मुलगी त्याची परिचारिका झाली. त्याने तुमची चौकशी केली आणि माझ्यासमोर कळण्याची भाकरी ठेवली. म्हणाला, नानांना सांगा, पाव बंद केला. सकाळी मिरामारला गेलो. तुम्ही पँट दुमडून उभे होतात ती जागा शोधत बसलो.

मागे फोनवर तुम्ही म्हणालात, समुद्र एकदाच बघितला, पण बरा होता. डिसेंबरात वांगी चांगली येतील. आपण दोघं जाऊ. मी तुम्हाला न्यायला गावी येतो.

बॅग या वेळी मी धरीन.

तुमचा,
भाऊ”