वीस मिनिटांच्या आतलं काही कळवू नये

माझी आई गेली तेव्हा माझ्या मोबाईलवर सगळं हिरवं होतं.
डिझेल भरपूर. बॅटरी फुल. जनरेटर सज्ज.

आज वर्ष झालं.

आई कोल्हारला एकटी राहायची. फुप्फुसं थकलेली, दिवसभर नाकात ऑक्सिजनची नळी. लाईट गेली की ऑक्सिजनचं मशीन बंद पडायचं, म्हणून घरामागे जनरेटर बसवला. लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारा.

पुण्यात बसून त्याच्यावर लक्ष ठेवायला मी ओपन सोर्स सॉफ्टवेअर लावलं. जनरेटर सुरू झाला की मला मेसेज.
याच प्रोफाइलवर फोटो टाकले होते. तुम्ही "भारी रे!" लिहिलं होतंत. मीही भलताच फुशारलो होतो.

मेसेज आला की मी मीटिंग सोडून फोन करायचो.

"आई, मशीन चालू आहे ना?"
"हाय की. लाईट गेल्ती. तू जेवला का?"

एरवी तिचा फोन आला की कट करून "कामात आहे, नंतर करतो" असं टाकायचो. बहुतेक वेळा करायचो नाही.

हळूहळू लाईट फारच जायला लागली. रोज, चारच्या सुमारास. मला शंका आली. मीटरपाशी आणखी एक सेन्सर लावला.

लाईट होती. आईच मेन स्विच पाडत होती.

जाम चिडलो.
"आई, ते काय खेळणं आहे का? लाईट असताना कशाला पाडतेस?"
ती म्हणाली, "बरं बाबा. न्हाई पाडत."

दोन दिवसांनी पुन्हा मेसेज.

मग मी हुशारी केली. ओपन सोर्स म्हणजे हवं ते बदलता येतं. दोन ओळी लिहिल्या. जनरेटर वीस मिनिटांपेक्षा कमी चालला तर मला कळवू नये.

मेसेज थांबले. मी सोयीस्करपणे धरून चाललो, आईला पटलं.

तीन महिन्यांनी शेजारच्या हिराकाकूंचा फोन आला. आई ओट्यापाशी पडली होती. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, कुणी काही करू शकलं नसतं.
मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील.

दहावं झाल्यावर ते सगळं बंद करायला बसलो, तेव्हा सॉफ्टवेअरमधल्या जुन्या नोंदी उघडल्या. मेसेज बंद केले होते, नोंदी चालूच होत्या.

त्या तीन महिन्यांत जनरेटर अकरा वेळा सुरू झाला होता. मीटरपाशी लाईट असताना.
दहा मिनिटं. बारा मिनिटं. मग बंद.

हिराकाकूंना विचारलं.

"व्हय, पाडायची ना बटन. मी म्हनायचे, अगं बाई, जनरेटर सुरू होईस्तवर तुझाच ऑक्सिजन बंद पडतोय, कशाला करती असं? तर म्हनायची, थांब, पोराचा फोन येईल आता. मोबाईल मांडीवर घिऊन बसायची. न्हाई आला की उठून बटन वर करायची."

शेवटची नोंद ती गेली त्याच दिवशी सकाळची आहे.
अठरा मिनिटं.

त्या सकाळी मी कुठल्याही मीटिंगमध्ये नव्हतो. सुट्टी होती. मोबाईल हातातच होता.

'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला मला तोंड नाही. तुम्हाला लिहायचं तर लिहा.

आई, चुकलं गं माझं.